रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, म्हणजे नक्की काय झालं?

चार वर्षांपूर्वीची, भादव्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या मावशी सकाळीच दारात आल्या. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत नातवाचे कागद. "सिस्टर, पोराले टायफाइड निघाला. डॉक्टरनं सात दिवस सुया सांगितल्या. तुम्ही पाहा बरं एकदा." पोरगा चौदा वर्षांचा. तापाचा तिसरा दिवस, अंग ठणकतंय, डोकं फुटतंय. मी कागद पाहिला. विडाल टेस्ट, 'ओ' १:१६०, 'एच' १:८०, आणि त्याभोवती लाल पेनाने काढलेला गोल. मी चहाचं आधण खाली न उतरवताच म्हणाले, "हो मावशी, टायफाइडच दिसते. सुया चुकवू नका."

जीएनएम झालेली, अठरा वर्षं वॉर्डात काढलेली बाई मी. गल्लीत माझा शब्द चालतो. मावशींनी तो मानला.

सहा सुया झाल्या तरी ताप हलेना. आजाराच्या नवव्या दिवशी पोराला धाप लागली आणि आम्ही त्याला सरकारी मेडिकलला नेलं. तिथे कॅज्युअल्टीत एक निवासी डॉक्टर होती, चोविसेक वर्षांची. तिने विडालचा कागद वाचला, बाजूला ठेवला, पडदा ओढला आणि पोराला कपडे काढायला लावले. मान, काखा, पाठ, जांघा असं सगळं बॅटरीच्या उजेडात पाहिलं. कमरेवर, चड्डीच्या इलॅस्टिकच्या खाली, एक काळी खपली होती. विडीचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती म्हणून पोरगा कधी बोलला नव्हता. "शेतात, गवतात गेला होतास का?" गेला होता. मामाच्या गावी, बैलांसाठी गवत कापायला.

तो स्क्रब टायफस होता. डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला पाठवलं, पण रिपोर्टची वाट पाहिली नाही. त्याच रात्री डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. दोन दिवसांत ताप उतरला.

टायफाइड आणि टायफस, नावं जुळ्या भावंडांसारखी. पण जंतू वेगळे, पसरण्याची तऱ्हा वेगळी, औषधही वेगळं. टायफाइड दूषित पाण्यातून, अन्नातून येतो. स्क्रब टायफस गवतात, झुडपांत राहणाऱ्या अगदी बारीक किड्याची अळी चावून होतो. चावल्या जागी काही रुग्णांना ही काळी खपली दिसते. सगळ्यांना दिसतेच असं नाही. टायफाइडसाठी देतात ती सेफ्ट्रायक्सोनची सुई या जंतूवर चालत नाही. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत या तापाचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले, माणसं दगावली. म्हणजे हा आजार आपल्याकडे आहे, हे मला माहीत होतं. तरी लाल पेनाचा गोल दिसला आणि माझं डोकं तिथेच थांबलं.

मग चूक कुणाची? लॅबने खोटा कागद दिला नव्हता. रक्तात जे होतं तेच त्यांनी लिहिलं. चूक झाली ती त्या आकड्याचा अर्थ लावताना, आणि त्याही आधी, ती तपासणी तिसऱ्या दिवशी करायची की नाही हे ठरवताना. या महिन्याच्या पानात मला हेच सांगायचं आहे. तपासणी रोग ओळखत नाही. आपल्या मनात आधी जो अंदाज असतो, तो ती थोडा वर किंवा खाली सरकवते. किती सरकवेल ते त्या तपासणीवर आहे, आणि कुठून सरकवेल ते माणसाची विचारपूस आणि अंगतपासणी कशी झाली यावर आहे.

आधी विडालचं पाहू, कारण आपल्या वस्त्यांत सगळ्यात जास्त होणाऱ्या तपासण्यांत ती आहे. ही पद्धत १८९६ सालची, फ्रेंच डॉक्टर विडाल यांची. ती टायफाइडचा जंतू शोधत नाही. जंतूशी लढायला शरीराने जी प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटिबॉडी, तयार केली, ती शोधते. चोर दिसला नाही, त्याच्या पायाचे ठसे दिसले, असा प्रकार. आणि ठसे जुनेही असू शकतात. दोन वर्षांपूर्वी टायफाइड होऊन गेला असेल, लस घेतलेली असेल, टायफाइडच्या नातलग जंतूंचा संसर्ग झाला असेल, तरी ठसे उमटतात. जिथे नळाला गटाराचं पाणी मिसळतं अशा वस्तीत वाढलेल्या कित्येक धडधाकट माणसांच्या रक्तात थोडीफार प्रतिद्रव्यं कायमच असतात. उलट, खरा टायफाइड असेल तर ही प्रतिद्रव्यं नीट वर यायला साधारण आठवडा लागतो. म्हणजे तिसऱ्या दिवशी विडाल पॉझिटिव्ह आली, तर ती आजच्या तापाबद्दल सांगते आहे की जुनी आठवण काढते आहे, हा प्रश्न पडायला हवा होता. पुस्तकात असं लिहिलेलं असतं की आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त घ्या, आकडा चौपट वाढला तर अर्थ आहे. प्रत्यक्षात दुसऱ्यांदा रक्त घेतलेलं मी फार क्वचित पाहिलं.

आता थोडा हिशोब करू. घाबरू नका, बचत गटाच्या वहीपेक्षा सोपा आहे. आकडे मी फक्त समजावण्यापुरते धरले आहेत, ते कुठल्या पाहणीतले नाहीत. समजा ही तपासणी टायफाइड असलेल्या १०० जणांपैकी ७० जणांना पकडते, आणि टायफाइड नसलेल्या १०० जणांपैकी २० जणांनाही चुकून पॉझिटिव्ह दाखवते.

पावसाळ्यात दवाखान्यात १,००० माणसं आली. सगळ्यांना दोन-तीन दिवसांचा ताप, सोबत सर्दी, खोकला, घसा. यातला बहुतेकांचा ताप साधा विषाणूचा. टायफाइड खरोखर २० जणांना आहे असं धरा. त्या २० पैकी १४ जण पॉझिटिव्ह येतील. उरलेले ९८०, त्यांच्यापैकी १९६ जण चुकून पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह कागद २१०. त्यात खरे टायफाइडवाले १४. म्हणजे लाल गोल असलेल्या पंधरा कागदांपैकी एक खरा. चौदा जणांना उगाच सुया.

आता दुसरे १,००० लोक घ्या. यांना ताप येऊन आठवडा उलटला आहे, तो रोज चढत गेला आहे, सर्दी नाही, जिभेवर पांढरा थर आहे, पोट दुखतं आहे. यांच्यातल्या ५०० जणांना टायफाइड आहे असं धरू. तपासणी तीच, लॅबही तीच. ५०० पैकी ३५० खरे पॉझिटिव्ह, उरलेल्या ५०० पैकी १०० खोटे पॉझिटिव्ह. म्हणजे नऊ कागदांत सात खरे.

कागदावर अक्षरं दोन्हीकडे सारखीच आहेत. अर्थ मात्र एका ठिकाणी पंधरात एक, दुसऱ्या ठिकाणी नवात सात. हा फरक लॅबने केला नाही. तपासणीच्या आधी कुणीतरी ताप किती दिवसांचा, सर्दी आहे का, कुठे गेला होतास, असं विचारलं, त्याने केला. मावशींच्या नातवाला सहा दिवसांत हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

हे समजायला कठीण जातं ते फक्त आपल्याला नाही. १९७८ साली अमेरिकेत हार्वर्डच्या रुग्णालयांमधल्या ६० जणांना, त्यात मोठे डॉक्टर, निवासी डॉक्टर आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी होते, एक प्रश्न विचारला गेला. एक रोग हजारात एकाला असतो. तपासणी निरोगी माणसांपैकी १०० मधल्या ५ जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. माणसाबद्दल बाकी काहीच माहीत नाही आणि तपासणी पॉझिटिव्ह आली, तर त्याला रोग असण्याची शक्यता किती? सगळ्यात जास्त लोकांनी उत्तर दिलं, ९५ टक्के. बरोबर उत्तर जेमतेम २ टक्के. कारण हजारात खरा रोगी एक आणि चुकून पॉझिटिव्ह आलेले पन्नास. साठपैकी फक्त ११ जणांना ते जमलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जरा धीर आला, खोटं कशाला बोलू.

मग डॉक्टरने करायचं काय? प्रत्येक वेळी वही काढून हिशोब कुणी करत नाही. पण विचाराची एक शिस्त बसवता येते. १९८० साली पॉकर आणि कासिरर या दोन अमेरिकन डॉक्टरांनी ती फार सोप्या रीतीने मांडली. मी ती आमच्या आशाताईंना घराच्या उंबरठ्यांवरून समजावते. समजा घराला दोन उंबरठे आहेत, एक अंगणातून ओसरीवर येताना, दुसरा ओसरीवरून माजघरात जाताना. रोगाची शक्यता इतकी कमी आहे की तुम्ही अंगणातच आहात, तर तपासणी करू नका. पॉझिटिव्ह आली तरी ती बहुधा खोटीच असणार. शक्यता इतकी जास्त आहे की तुम्ही माजघरात पोचलात, तर तपासणीसाठी अडून बसू नका, उपचार सुरू करा. निगेटिव्ह आली तरी तुम्ही उपचार थांबवणार नाही. तपासणीची खरी जागा मधली ओसरी. तिथे रिपोर्टमुळे आपलं पाऊल इकडे पडेल की तिकडे, हे ठरतं.

उंबरठे कुठे घालायचे, हे मात्र प्रत्येक आजारात वेगळं. औषध स्वस्त, कमी त्रासाचं, आणि उशीर झाला तर जीव जाण्याची भीती, तर माजघराचा उंबरठा बराच अलीकडे येतो. स्क्रब टायफसचं तसंच आहे. ताप, काळी खपली, गवतात जाणं एवढं जुळलं की डॉक्सिसायक्लिन सुरू करायचं. त्या डॉक्टरबाईंनी नेमकं हेच केलं. उलट कॅन्सरच्या औषधांचं. ती शरीराला इतकी जड की नुसत्या संशयावर कुणी देत नाही. गाठीचा तुकडा काढून खात्री करून मगच. आणि तपासणीलाही किंमत असते. पैशांची असते, सुईची असते, एक्स-रे आणि सीटीच्या किरणांची असते, मजुरी बुडण्याची असते. आपल्या बायांच्या बाबतीत ही शेवटची किंमत कुणीच धरत नाही.

अशी शिस्त गावपातळीवर आधीच चालू आहे, फक्त आपण तिला मोठं नाव देत नाही. खोकला-सर्दी झालेल्या बाळाला न्यूमोनिया आहे का हे पाहायला आरोग्यसेविका पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजते. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर श्वास जलद. छाती आत ओढली जाते का, बाळ दूध पितं का, झटके आले का, हे सगळं ठरलेल्या क्रमाने पाहायचं आणि त्यावरून ठरवायचं की घरी ठेवायचं, औषध द्यायचं, की लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. एक्स-रे नाही, रक्त नाही. बाळ शांत असताना मोजायचं, एवढी मात्र अट. रडत्या बाळाचे श्वास मोजून मी एकदा बाळंतिणीला उगाच रडवलं आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त असतील, तर वाट न पाहता न्यायचं.

असंच घोट्याचं. पाय मुरगळला की एक्स-रे, ही आपली सवय. कॅनडातल्या ओटावा शहरात १९९२ साली डॉक्टरांनी नियम बांधून दिला. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यावर दुखत नसेल आणि माणूस चार पावलं टाकू शकत असेल, तर घोट्याचं हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी, एक्स-रेची गरज नाही.

आतापर्यंत खोट्या पॉझिटिव्हबद्दल बोलले. निगेटिव्ह कागदही तितकाच फसवतो, आणि त्यात जीव लवकर जातो. छातीत दुखतंय म्हणून माणूस गेला, ईसीजी काढला, "नॉर्मल आहे, गॅस असेल" म्हणून घरी पाठवला, हे तुम्ही ऐकलं असेल. हार्ट अटॅकच्या सुरुवातीला ईसीजी नॉर्मल दिसू शकतो. वीस वर्षांच्या पोराला टोचल्यासारखं दुखतंय, बरगडीवर दाबलं की वाढतंय, त्याचा नॉर्मल ईसीजी आणि पंचावन्न वर्षांच्या, मधुमेह असलेल्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाला छाती आवळल्यासारखी होऊन दरदरून घाम फुटला आहे, त्याचा नॉर्मल ईसीजी, हे दोन एकच नाहीत. दुसऱ्याला थांबवून ठेवायचं, ईसीजी पुन्हा काढायचा, ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी करायची आणि ती काही तासांनी परत करायची. कारण ट्रोपोनिन रक्तात वाढायलाही वेळ लागतो. घरच्यांनी अशा वेळी "नॉर्मल आहे ना, मग चला" म्हणून घाई करू नये. डेंग्यूतही वेळेचा खेळ आहे. एनएस-१ ही तपासणी पहिल्या पाचेक दिवसांत उपयोगाची, आयजीएम त्यानंतर. सहाव्या-सातव्या दिवशी एकटी एनएस-१ निगेटिव्ह आली, यावरून डेंग्यू नव्हता असं म्हणता येत नाही.

काही तपासण्या तर इतक्या फसव्या निघाल्या की सरकारला त्या बंद कराव्या लागल्या. क्षयरोगासाठी रक्तातली प्रतिद्रव्यं पाहणारी तपासणी कितीतरी वर्षं खाजगी लॅबमध्ये चालली. खरा टीबी तिच्यातून सुटायचा आणि नसलेल्याला टीबी निघायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली ती वापरू नका असं सांगितलं आणि २०१२ साली भारत सरकारने तिच्यावर बंदी घातली. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आज सरकारी केंद्रात बेडका तपासतात, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर, फुकट. कुणी टीबीसाठी प्रतिद्रव्यांची रक्ततपासणी लिहून दिली तर तिथून उठा.

आता सिकलसेलकडे येते. हा विषय विदर्भातल्या आपल्या घरांचा आहे. आदिवासी समाजाप्रमाणे आपल्याही समाजात तो आढळतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे हा दोष रक्तात टिकला, कारण एकेरी दोष असलेल्याला जीवघेण्या मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, सात कोटी लोकांची तपासणी करण्याचं ठरवलं. शिबिरं होत आहेत, व्हायलाच हवीत. पण शिबिरातल्या कागदाचा अर्थ सांगायला तिथे कुणी थांबत नाही, ही माझी तक्रार आहे.

बऱ्याच शिबिरांत सोल्युबिलिटी टेस्ट करतात. नळीत रक्ताचा थेंब टाकतात. सिकलचं हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होतं, मागे धरलेल्या कागदावरच्या रेषा दिसत नाहीत. तपासणी स्वस्त आहे, झटपट आहे. पण ती फक्त एवढंच सांगते की सिकलचं हिमोग्लोबिन आहे. एएस, म्हणजे एका पालकाकडून दोष आलेला वाहक, की एसएस, म्हणजे दोघांकडून आलेला आणि खरा आजारी, हे तिला कळत नाही. ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासणीनेच कळतं.

एका मुलीचं सांगते. कॉलेजच्या शिबिरात तिला कार्ड मिळालं, "सिकल पॉझिटिव्ह". पुढची तपासणी कर असं कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं आणि घरच्यांनी ऐकलं नाही. आईने कार्ड गव्हाच्या डब्यात लपवलं. मुलीला जड काम नको, खेळ नको, शिबिराला नको. चार वर्षांनी लग्न जमलं, कुणाकडून तरी कार्डाची गोष्ट मुलाकडे पोचली आणि साखरपुड्यानंतर लग्न मोडलं. मी तिला एचपीएलसीसाठी घेऊन गेले. ती एएस निघाली. वाहक. तिला आजार नव्हताच, पुढेही होणार नव्हता. आणि गंमत अशी की ज्या मुलाने लग्न मोडलं, त्याची तपासणी कुणीच केली नव्हती.

वाहक मुलीचं किंवा मुलाचं लग्न अडायचं कारण नाही. जोडीदाराचं रक्त पाहायचं. तो साधा, म्हणजे एए असेल, तर मुलं साधी किंवा वाहक होतील, एसएस होणार नाहीत. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएस बाळाची. प्रत्येक वेळी नव्याने. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नाही. तरीही काय करायचं ते त्या दोघांनी ठरवायचं, गरोदरपणात बाळाची तपासणी करता येते हे त्यांना आधी सांगून. पण इथेही एक खाच आहे. जोडीदाराची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली म्हणजे सगळं झालं, असं समजू नका. बीटा थॅलेसेमियाचा वाहक या तपासणीत निगेटिव्हच येतो, आणि सिकलचा वाहक व थॅलेसेमियाचा वाहक यांचं मूलही गंभीर आजारी होऊ शकतं. म्हणून एक वाहक असेल तर दुसऱ्याची थेट एचपीएलसी करा. आणखी दोन गोष्टी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबू नका, त्याच्या अंगात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं. आणि कुणाला अलीकडे रक्त चढवलं असेल तर ते आधी सांगा, दुसऱ्याचं रक्त तपासलं जाईल. एसएस निघाला तर औषध आहे, हायड्रॉक्सियुरिया, त्याने दुखण्याचे झटके कमी होतात. आणि २०१६च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे, प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

एएसचं कार्ड मिळालेल्या धडधाकट माणसाने काय करायचं, तर काही नाही. फक्त लग्नाआधी ते लपवायचं नाही.

मोहल्ल्यात हल्ली "फुल बॉडी चेकअप"चे फलक लागतात, ९९९ रुपयांत साठ तपासण्या. माझं मत विचाराल तर ते पैसे डाळीला घाला. लॅबच्या कागदावर जी "नॉर्मल" हद्द छापलेली असते, ती बहुधा अशी आखतात की निरोगी माणसांपैकी १०० मधले ५ जण तिच्या बाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका निरोगी माणसाच्या केल्या, तर निदान एक आकडा ठळक छापून येण्याची शक्यता शंभरात ६४. मग त्या एका आकड्यामागे सोनोग्राफी, त्यामागे सीटी. रक्तदाब मोजून घ्या, तिशीनंतर साखर तपासा, बायांनी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या. या सरकारी दवाखान्यात होतात आणि त्यांचा निकाल आला की पुढे काय करायचं ते ठरलेलं आहे.

मला ठाऊक आहे, डॉक्टरला प्रश्न विचारणं आपल्या माणसांना जड जातं. पिढ्यानपिढ्या दाराबाहेर उभं राहिलेल्यांना खुर्ची मिळाली तरी टेकायला होत नाही. काही डॉक्टर चिडतातही. पण "साहेब, तुम्हाला काय वाटते, मला काय झालं असंल?" हे तपासणीच्या आधी विचारा, नंतर नाही. मग विचारा, "ही टेस्ट पॉझिटिव्ह आली तर काय कराल, आणि निगेटिव्ह आली तर?" दोन्हीचं उत्तर एकच असेल, तर टेस्ट कशासाठी हे डॉक्टरच्याही लक्षात येईल. टायफाइडचा संशय असेल तर ब्लड कल्चर करता येईल का हे विचारा, आणि ते पहिली सुई टोचण्याआधी. कल्चरमध्ये खरा जंतू वाढतो, तरी तेही जवळपास निम्म्यांनाच पकडतं, आणि सुया सुरू झाल्यावर त्याहून कमी. तपासणी कुठल्या लॅबमध्ये करायची हे ठरवायचा हक्क तुमचा आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत ते स्पष्ट लिहिलं आहे. तुमचे कागद मिळण्याचा हक्कही त्यातच आहे.

आणि डॉक्टरकडे जाताना तुमच्याकडेही काही तयार हवं. ताप कुठल्या तारखेला आला, पहिलं औषध कधी घेतलं, बाहेरगावी कुठे गेला होतात, अंगावर कुठे खपली किंवा पुरळ आहे का. मावशींच्या घरी आता कालनिर्णयवर ताप आल्या दिवशी पेन्सिलने टीक मारतात. नातू आयटीआयला आहे, इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला. परवा तोच माझ्याकडे आला होता, मित्राचा रिपोर्ट घेऊन. मी हात पुढे केला तर कागद मागे घेऊन म्हणाला, "सिस्टर, आधी पोराले पाहा, तो बाहेर उभा आहे."